घरबसल्या माळ वाचवा

गावचा माळ पुन्हा जिवंत करायचाय? मग आधी पायातले बूट काढा. माळावर जायचं कामच नाही. लॅपटॉप, चहा आणि फुकटात मिळणारं मॅक्सएंट, एवढ्यावर भागतं. मॅक्सएंट म्हणजे प्राण्याच्या नोंदी आणि हवामान जुळवून तो कुठे राहू शकेल याचं मॉडेल नि नकाशा बनवणारं सॉफ्टवेअर.

माळावर राहणाऱ्या लांडग्याच्या, म्हणजे तो कुठे-कधी दिसला याच्या, नोंदी ऑनलाइन आयत्या मिळतील. बहुतेक डांबरी रस्त्यालगतच्या आणि रविवारच्या. यावरून लांडग्याला डांबर आवडतं आणि तो सुट्टीच्या दिवशी फिरायला निघतो, हे शास्त्र पक्कं धरा. जिथली नोंद नाही, तिथे लांडगा नाही. 'तिकडे कुणी गेलंच नसेल' वगैरे शंका रिकामटेकड्यांच्या.

मग हवामानाचे 19 थर सरसकट ओता. भेळेतले कुरमुरे कुणी निवडतं का? नकाशातला एकेक चौकोन साधारण 1 किलोमीटरचा. त्यात माळ, शेजारचा ऊस आणि कारखान्याची धुराडी सगळंच बसेल. पाऊसपाणी तिन्हींचं सारखं, म्हणजे लांडगा धुराड्यातही नांदेल. परीक्षा त्याच नोंदींवर घ्या ज्यांवर मॉडेल शिकलं. पेपर आधीच फुटलेला असला की 1 पैकी 0.95 पडतातच.

नोंदी तपासायच्या? छे! पक्ष्यांचे नमुने जमवणारे इंग्रज अधिकारी कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातून चोरलेल्या रानपिंगळ्याला (हे एक दुर्मिळ घुबड) 'मांडवी, 1914' अशी चिठ्ठी डकवली होती. पक्षी शोधणारे गुजरातेतल्या त्या मांडवीहून हात हलवत परतले. पुढे पक्षी-अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी ओळखली, जुन्या खऱ्या नमुन्यांचा माग काढत त्या सहकाऱ्यांसह खानदेशात शहाद्याजवळ पोहोचल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रानपिंगळा समोर बसलेला! 113 वर्षं ज्याची खरी नोंद नव्हती, तो. कौतुक आहे, पण एवढ्या उठाठेवीत आपला निधी मार्चअखेर परत जाईल त्याचं काय?

नकाशा म्हणजे कुठे जाऊन शोधायचं याचा नुसता अंदाज, असं काही चिकट अभ्यासक म्हणतात. त्यांना समितीवर घेऊ नका.

आता नकाशात लाल झालेल्या, म्हणजे 'इथे लांडगा नांदेल' म्हणणाऱ्या चौकोनांत झाडांसाठी खड्डे खणा. माळाला गवत लागतं हे मान्य, पण गवताचं उद्घाटन कसं करणार? शिवाय सरकारी नकाशात माळ 'पडीक'च असतो. गिरिपुष्पाची झाडं लावा, भराभर वाढतात, फोटोत हिरवी दिसतात.

खड्ड्यांपाशी एखादा मेंढपाळ भेटेल. म्हणेल, "सायेब, लांडगा पल्याडच्या टेकाडावर हाय. परवा रातीच मेंढरू नेलं." नकाशात ते टेकाड निळं आहे, म्हणजे तिथे लांडगा नाही. त्याला प्रेमाने विचारा, "मामा, अक्षांश-रेखांश आहेत का?"