एडिसनकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

एडिसनकर, नमस्कार.

अमेरिकेत स्वतःच्या मुलांकडे राहणाऱ्या वयस्कर आयांच्या हालांवर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: मी मुलांना खलनायक ठरवलं, घरचं चव्हाट्यावर आणलं, माझा चष्मा पाश्चात्त्य आहे, आणि "इतका त्रास असता तर त्या बायका तिकीट काढून परत नसत्या गेल्या?" वर "ताई, आधी स्वतःचं घर सांभाळा" हा सल्ला. मतभेद मला चालतात, पण ही काय बोलायची पद्धत झाली? ओळखदेख नसताना माझं घर कशाला काढता?

एक मान्य. इथलं डे-केअर भल्याभल्यांना परवडत नाही आणि कितीतरी आज्या नातवंडं हौसेने सांभाळतात. लेखात तसं म्हटलंही होतं. तुम्ही तिथवर वाचलेलं दिसत नाही.

आता ते तिकीट. काढायचं कोणी, कशाने? अशा आईचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड मुलाच्या कपाटात, "तुझ्याकडून हरवेल" म्हणून. गाडी येत नाही. नवरा गेल्यावर पुण्याचा फ्लॅट विकला, पैसे इथल्या घराच्या डाउन पेमेंटमध्ये गेले, घराच्या कागदांवर तिचं नाव नाही. परत जायचं ते दिराच्या दारात? तिथे पहिला प्रश्न येणार, "का आलात?" उत्तर द्यायचं तर पोटच्या पोराची अब्रू काढावी लागते. म्हणून ती गप्प बसते.

मी ऐकीव लिहीत नाही. १९९६पासून न्यू जर्सीत राहते. ओळखीच्या एका मावशींना मीच डॉक्टरकडे नेलं. मधुमेहाच्या गोळ्या त्या दिवसाआड घेत होत्या. पट्टीवर पेनाने तारखा घातलेल्या, भारतातून आणलेला साठा जास्त दिवस जावा म्हणून. ग्रीन कार्डावर आलेल्या पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअरसाठी, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, आधी सलग ५ वर्षं इथे राहावं लागतं, आणि मुलाने दुसरा विमा काढला नव्हता. घराची किल्लीही त्यांच्याकडे नव्हती. मुलगा येईपर्यंत आम्ही दोघी गाडीत बसून राहिलो.

आईला ग्रीन कार्डासाठी स्पॉन्सर करताना याच मुलाने आय-८६४ या हमीपत्रावर सही करून तिला पोसण्याची हमी सरकारला लेखी दिलेली असते. मावशींना हे कोणी सांगितलं नव्हतं. "जास्त बोललीस तर कार्ड रद्द करीन" एवढंच बजावलेलं. कार्ड रद्द करणं मुलाच्या हातात नसतं. आणि जिला अजून कार्डच मिळालेलं नाही, तिचा छळ अमेरिकन नागरिक असलेला मुलगा करत असेल, तर ती त्याला न कळवता कार्डासाठी स्वतःचा अर्ज करू शकते. बायकांवरील हिंसाचाराच्या कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली.

चष्म्याबिष्म्याला उत्तर द्यायला मला वेळ नाही.

न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते. तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल, एडिसनसारख्या भारतीय वस्तीच्या गावात राहता म्हणजे असेलच, तर तिला हे नाव सांगा. तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे. पुन्हा माझ्या घरावर घसरलात तर मात्र काढून टाकीन.