ओतणं झालं का, सर?

गेल्या आठ दिवसांत हा प्रश्न मला दूधवाल्याने, इस्त्रीवाल्याने आणि वरच्या मजल्यावरच्या तिसरीत शिकणाऱ्या मुलीने विचारला असून, काय ओतायचे होते, कशातून ओतायचे होते आणि ते अडले कुठे, याची तिघांपैकी एकालाही कल्पना नाही. एका हार्ड डिस्कवरचा सगळा ऐवज, आतल्या विंडोजसकट, जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उतरवणे, म्हणजे क्लोन करणे, या क्रियेसाठी मी ‘प्रतिरूपण’ असा शब्द योजून ठेवला होता. कनिष्ठ महाविद्यालयात एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाचा शब्द निदान स्वतःच्या इमारतीत तरी चालेल, अशी माझी समजूत होती. परंतु शेजारच्या अण्णांनी पहाटे पाच वाजता, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या अवस्थेत, ‘ओतणं’ हा शब्द उच्चारला आणि माझ्या शब्दाचे बारसेसुद्धा झाले नाही.

माझा संगणक २०१२ चा आहे. त्यातल्या विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी, म्हणजे इकडे सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ऐन भरात असताना, कायमची थांबली. तरी मी ती सोडलेली नाही, कारण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या माझ्या प्रश्नपत्रिका, निरोपसमारंभांची भाषणे आणि इमारतीचा सगळा पत्रव्यवहार ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, त्याची सीडी केव्हाच चरे पडून निकामी झाली आहे. नुसत्या फायली पेनड्राइव्हवर घेऊन मुलीच्या लॅपटॉपवर उघडल्या, तर ‘महोदय’च्या जागी रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे आणि कंस यांची मिसळ दिसते. त्यामुळे फायलींचा बॅकअप पुरेसा नव्हता. फायली, फॉन्ट, सॉफ्टवेअर, विंडोज असा सगळा संसार उचलून नव्या जागी मांडणेच भाग होते. त्यातच डिस्कची तब्येत सांगणारा एक प्रोग्रॅम पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा देऊ लागला. खराब झालेले तुकडे बाजूला काढून डिस्क राखीव जागेतून दिवस ढकलत होती, आणि राखीव ठेव किती दिवस पुरते, हे निवृत्तिवेतनधारकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

नवी पेठेतल्या दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो. अर्ध्या तासात मोकळे व्हा.” या ‘मारून’चा मला अतोनात राग आहे. हल्ली लोक झेरॉक्स मारतात, फोन मारतात, सही मारतात. आणि फॉरमॅट मारल्यावर तर खरोखरच काहीतरी मरते, याचे त्या मुलाला काडीचे सोयरसुतक नव्हते. मी पाचशे जीबीची एसएसडी, म्हणजे आत चकती न फिरणारी नव्या धर्तीची डिस्क, मागितली. त्याने दिलेली घरी येऊन पाहिली, तर खोक्यावर ४८०. परत गेलो, तर म्हणाला, “पाचशेच समजा की, काका.” मी समजून घेतले असते; क्लोन करणारा प्रोग्रॅम समजून घेत नाही. नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठी नसेल, तर तो पुढे सरकत नाही. शेवटी वरचे पैसे घेऊन आणि “खोकं फोडलंय तुम्ही” हे चार गिऱ्हाइकांसमोर तीनदा ऐकवून त्याने डिस्क बदलून दिली. खोके न फोडता आतली डिस्क संगणकाला कशी जोडायची असते, हे मी त्याला विचारायला हवे होते. ते मला सात रस्त्याला रिक्षात बसल्यावर सुचले.

क्लोनझिला नावाचा प्रोग्रॅम तैवानमधल्या संगणन केंद्रातल्या मंडळींनी तयार करून जगाला फुकट दिलेला आहे. तो पेनड्राइव्हवरून चालतो आणि काळ्या पडद्यावर विचारतो, की कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर. येथे उलटसुलट झाले, तर नव्या डिस्कवरची पोकळी इमानेइतबारे जुनीवर उतरते आणि तेरा-चौदा वर्षे साफ होतात. दोन्ही डिस्क पाचशेच्याच असल्यामुळे मी मॉडेलची नावे कागदावर लिहून घेतली, भिंग लावून ताडून पाहिली, आणि मग होकाराचे बटण दाबले. प्रोग्रॅमने पुन्हा विचारले, की नक्की ना? उभ्या आयुष्यात मला कोणत्याही कार्यालयाने कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी दोनदा विचारलेले नाही. रात्रीचे साडेबारा वाजले होते. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी गेल्यापासून मी त्याचा उपयोग पाय ठेवायला करतो. त्यावर पाय ठेवून मी टक्केवारीकडे पाहत बसलो आणि खुर्चीतच माझा डोळा लागला.

पुढचे कळण्यासाठी आमच्या खिडकीचा भूगोल सांगणे आवश्यक आहे. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि येते तेही त्याच्या सवडीने. आमचा हौद लहान असल्यामुळे तो भरत असतानाच मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवावे लागते, नाहीतर उरलेले गटारात जाते. बोळातले मोटरचे सॉकेट गेल्या पावसाळ्यात जळाले, तेव्हापासून मोटरची वायर माझ्या खिडकीतून आत येते आणि माझ्या एक्स्टेन्शन बोर्डात शिरते. ही तात्पुरती सोय होती. अण्णा हे इमारतीचे स्वयंघोषित पाणीमंत्री असल्यामुळे त्या खिडकीतून हात आत घालण्याचा परवाना फक्त त्यांच्याकडे आहे.

पावणेपाच वाजता मला जाग आली ती शांततेने. पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती; संगणकाची घरघर मात्र थांबली होती. पडदा काळा. खिडकीच्या गजांतून एक केसाळ, ओला हात बोर्डावर मोटरचा प्लग घट्ट बसवत होता.

“सर, पाणी आलंय, आणि तुम्ही झोपूलालाव!”

“अण्णा, तुम्ही कोणता प्लग काढला?”

“मधला. का?”

“त्याच्यावर माझा संगणक चालू होता!”

“रात्रभर? बिल येतंय की, सर!”

मी खिडकीपाशी जाऊन, आवाज शक्य तितका सभ्य ठेवून, त्यांना प्रतिरूपण म्हणजे काय, ते सव्वाचार तास चालले होते आणि हिशेबाने ब्याण्णव टक्के झाले होते, हे सांगितले. माझ्या बोलण्याला मागे मोटरची साथ होती. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे जुन्या डब्यातलं नव्या डब्यात ओतूलालाव?”

“डबा नव्हे, डिस्क.”

“तेच. ओतल्यावर जुन्यातलं संपतंय का?”

“नाही. जुन्यातले जुन्यात तसेच राहते.”

“मग सांडलं काय?” अण्णा म्हणाले. “पुन्हा ओता.”

संतापलेल्या माणसाला बरोबर उत्तर देण्याइतका दुष्टपणा दुसरा नाही. क्लोन मध्येच तुटला, तर नवी डिस्क अर्धवट राहते, मूळ डिस्कवरचे काही जात नाही, हे मला पाठ होते. पण त्या क्षणी मला सहानुभूती हवी होती, माहिती नको होती. तोवर बादल्या, कळशा, पिंपे घेऊन सगळी इमारत बोळात जमली होती आणि प्रत्येकाला अण्णा ‘सरांचं ओतणं’ समजावून सांगत होते. आमच्या सौभाग्यवतींनी हातातला हंडा खाली न ठेवताच निकाल दिला, “अण्णा, तुम्ही मोटर बंद करू नका हो. ह्यांचं काय, दुपारीही होईल.”

बॅकअपचा जगन्मान्य नियम असा आहे, की मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. हा नियम मला चाळिशीनंतर वाचून कळला आणि साठीनंतरही पाळता आलेला नाही. त्या पहाटे मात्र मी पाहत होतो, की हौदात पाणी, टाकीत पाणी, स्वयंपाकघरात तांब्या-पितळेच्या भांड्यांत पाणी, आणि अण्णांच्या व्याह्यांकडे मागच्या गल्लीत दोन पिंपे कायमची भरून ठेवलेली. ज्या गावात शिळ्या भाकरीवर विसंबण्याऐवजी महिनाभर टिकणारी कडक भाकरी थापून ठेवतात, त्या गावाला बॅकअप कोणी शिकवायचा? फक्त तो फोटोंचा आणि कागदपत्रांचा असला, की तो घेणारा माणूस चक्रम ठरतो.

पाणी गेल्यावर अण्णा चहाला आले. ही त्यांची क्षमायाचना होती, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. मला ती चौकशी समिती वाटली.

“माल किती?”

“पाचशे जीबी.”

“आणि वेळ?”

“साडेचार तासांच्या वर.”

“पाइप केवढी लावलीय?”

मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. अण्णा गुडघ्यावर हात टेकून संगणकापाशी वाकले, नव्या डिस्कची केबल बोटाने चाचपत चाचपत पुढच्या बाजूच्या काळ्या पोर्टपर्यंत गेले, मग मान वळवून संगणकाच्या मागे पाहिले आणि म्हणाले, “मागं दोन निळी भोकं हायत. ती कशाला दिलीत?”

निळी भोके वेगवान यूएसबी ३ ची होती. काळे भोक यूएसबी २ चे, ज्यातून प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर काही सरकत नाही. माझी जुनी डिस्क म्हातारी असली तरी सेकंदाला शंभराच्या आसपास देऊ शकते. मागे वाकायला कंबर दुखते, म्हणून मी पुढचे भोक निवडले होते. सेकंदाला तीस एमबी म्हणजे पाचशे जीबीला साडेचार तास, आणि शंभर म्हणजे दीड तासाच्या आत, हे त्रैराशिक मी पाहुण्यासमोर मनातल्या मनात केले. निळ्यात लावले असते, तर सगळे रात्री दोनच्या आधी उरकले असते.

“अर्ध्या इंची पाइपनं टाकी भरूलालाव,” अण्णा म्हणाले, “आणि माझ्यावर ओरडूलालाव.”

तेवढ्यावर थांबले असते, तर ते अण्णा कसले? जुन्या डिस्कवरून संगणक सुरू केला, तेव्हा नव्या डिस्कच्या पाचशे जीबीच्या जागी विंडोजने ४६५ दाखवले आणि मी दुकानदारावर घसरलो. खरे म्हणजे यात दुकानदाराचा दोष नव्हता: डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, आणि डिस्क तेवढीच असून आकडा लहान दिसतो. हे सांगताना मी इतका अडखळलो, की अण्णांनीच हात वर केला. “वार आणि मीटर,” ते म्हणाले. “गिरणीत पाचशे वार कापड काढलं, तर मीटरवाल्याच्या हिशेबात साडेचारशेच्या वर थोडं. कापड तेवढंच.” मी नंतर हिशेब करून पाहिला. पाचशे वार म्हणजे ४५७ मीटर.

अण्णांनी जेकार्ड खात्यात चादरीच्या मागावर आयुष्य काढले आहे. पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची, पत्ते ओवून माळ करायची, माळ मागावर चढवायची. भोक असेल तिथे दोरा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. अशाच भोकांच्या पत्त्यांवर पुढे १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेची मोजणी झाली आणि तिथून संगणकांना माहिती भरवायची रीत निघाली. म्हणजे साठवणीच्या या घराण्यात अण्णा थोरल्या पातीचे आणि मी धाकट्या. “आमच्या मालकाची शिस्त होती,” त्यांनी बशीत चहा ओतत सांगितले, “मूळ माळ मागावर लावायचीच नाही. मूळ कपाटात, नक्कल मागावर. आणि नक्कल कपाटाशेजारी ठेवली, तर शिव्या.” हीच गोष्ट समजण्यासाठी मी तीन रात्री इंग्रजी व्हिडिओ पाहिले होते.

त्या दुपारी पुन्हा ओतले (आता मीही तोच शब्द वापरतो, याची मला जाणीव आहे). केबल निळ्या भोकात, बोर्डावर मधल्या प्लगला चिकटपट्टी, आणि खुर्चीत राखणीला अण्णा. एक तास पंचवीस मिनिटांत झाले. जुनी डिस्क काढून नवी बसवली, कारण दोघी हुबेहूब जुळ्या असल्यामुळे एकदम लावल्या तर विंडोज त्यांतल्या एकीला ओळख देत नाही. जुनी आता टॉवेलात गुंडाळून कपाटात आहे. मुलगी हुतात्मा एक्स्प्रेसने येईल, तेव्हा पुण्याला नेईल. संगणक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. मी विजयी मुद्रेने उठलो.

“चव घेतली का?” अण्णांनी विचारले.

“कशाची?”

“भरलेल्या पाण्याची. टाकी भरली म्हणजे पाणी पिण्यासारखं आहे असं नसतंय, सर. एखादा कागद उघडून दावा.”

मला हे आधी सुचायला हवे होते, आणि सुचले नव्हते. मी ‘इमारत’ या फोल्डरमधली हाताला लागली ती फाईल उघडली. फॉन्ट, काना-मात्रा, समास, सगळे जागच्या जागी. अण्णा चष्मा वर सरकवून, बोट पडद्याला टेकवून मोठ्याने वाचू लागले. जून २०१३ चा अर्ज होता, माझ्याच शुद्ध मराठीतला: विषय, आमच्या भागात नळाचे पाणी अवेळी व अपुऱ्या दाबाने येत असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की. त्यांनी तो खालच्या सह्यांपर्यंत वाचला, स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

“तारीख तेवढी बदला आणि काढा परत,” ते म्हणाले. “ओतलेलं वाया नको जायला.”