एक तारा आणि ‘बुरशी लागलेलं बी’ : आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्हाला मनस्ताप झाला, घरात लहान मुलं असल्यामुळे जास्तच काळजी वाटली, त्याबद्दल मनापासून माफी मागते. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं की आमच्याही घशाखाली घास उतरत नाही.

एक तारा देऊन तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय की आमच्या मायक्रोग्रीन (घरी ट्रेत उगवून कोवळी असतानाच कापून खायची रोपं) किटमधल्या मुळ्याच्या ट्रेवर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी आली, बी सडकं होतं, आणि दहा रुपयांचं बी साडेतीनशेला विकून आम्ही लोकांच्या मुलांच्या जिवाशी खेळतो. भावाचं एक वेळ सोडून देईन. बुरशीचं सोडता येत नाही, कारण ती बुरशी नव्हतीच.

तुमचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला रात्री सव्वाअकराला. सकाळी उठल्या उठल्या मी तो मोठा करून पाहिला, उत्तर लिहायला घेतलं, तोवर इथे एक तारा पडला होता आणि ट्रे कचऱ्यात गेला होता. तोच फोटो तुम्हीही एकदा मोठा करून बघा. पांढरी लव आहे ती फक्त मुळांना. टरफल फुटून जिथून मूळ निघालं तिथं, प्रत्येक रोपाला सारखी. दोन रोपांच्या मधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वच्छ तपकिरी आहे, देठ ताठ उभे आहेत. हे मूलरोम आहेत, आपण शाळेत विज्ञानात शिकलो तेच. पाणी शोषून घेण्यासाठी मुळाला ते फुटतात. मुळा आणि मोहरीला तर भरपूर. ट्रे झाकून ठेवलेला असतो त्या दिवसांत वरचा थर जरा सुकला की ते ठळक दिसायला लागतात. पाण्याचा बारीक फवारा मारला की लगेच मुळाला चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात.

बुरशी फवाऱ्याने अशी जात नाही. ती कोळिष्टकासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर पसरते, न उगवलेल्या बियांवर आणि कोकोपीटवर चढते, कुबट वास मारते, देठ बुडाशी चिकट होऊन आडवे पडतात. तसं दिसलं तर तो ट्रे खाऊच नये, फेकून द्यावा, हे मीच सगळ्यांना सांगते. बी फार दाट पडलं, तळाशी पाणी साचलं किंवा हवा खेळली नाही की असं होतं. तुमच्या ट्रेत यातलं काही दिसत नाही. ‘दादा, फवारा मारून दोन मिनिटांनी बघा’, एवढंच मी त्या सकाळी लिहीत होते.

‘सडकं बी’ हा शब्द तर फारच लागला. खरिपाच्या आधी आपल्याकडे शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतात ना, तशी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक लॉटची तपासणी होते. माझे सासरे स्वतः मोजतात. उगवण कमी निघाली तर ते बी पाकिटात जात नाही.

आता भावाचं. गंजगोलाईच्या बाजारात मोहरी किलोवर मिळते, हे आम्हालाही माहीत आहे, आम्ही लातूरचेच आहोत. ती उगवतही असेल, पण ती फोडणीसाठी आणलेली, किती जुनी ते दुकानदारालाही सांगता येत नाही. आणि पेरणीच्या पाकिटातल्या बियाण्यावर बहुतेक वेळा बीजप्रक्रिया केलेली असते. तो गुलाबी किंवा हिरवा रंग दिसतो ना, त्याच्यासोबत थायरमसारखं बुरशीनाशक असतं. शेतात पेरायला ते योग्यच आहे. पण मुळ्याचं रोप आठवडाभरात कापून कच्चंच पानात घ्यायचं, तिथे ते बी अजिबात चालत नाही. म्हणून आम्ही प्रक्रिया न केलेलं बी मागवतो आणि ते महाग पडतं. साडेतीनशेत बियांच्या पाच पाकिटांसोबत दोन ट्रे, कोकोपीटची वीट आणि फवाऱ्याची बाटलीही असते, ते तुमच्या रिव्ह्यूत आलं नाही. माझी मुलं हेच मुळ्याचे कोंब भाकरीसोबत खातात. जिवाशी खेळ असं कुणी लिहिलं की आई म्हणून काय वाटतं, ते तुम्हालाही कळेल.

आणखी एक. फोटोत मागे कूलर दिसतोय. उन्हाळ्यात लातुरात पारा चाळिशीपार जातो, कूलरवाचून कुणाचं भागत नाही, मान्य. पण ट्रे त्याच्या थेट झोतात ठेवू नका. खोलीत दमटपणा वाढला की खरी बुरशी यायला वेळ लागत नाही. सावलीतली, खिडकीजवळची जागा बरी.

माहितीपत्रकात मूलरोमांबद्दल अजून ठळक छापता येईल का, ते पुढच्या छपाईच्या वेळी बघतो. रात्रीच्या मेसेजचंही काहीतरी करू.

दादा, हा धंदा घरातल्या दोन खोल्यांत चालतो. जाहिरातीला पैसे नाहीत, नवीन माणूस हे रिव्ह्यू वाचूनच फोन करतो. तुमचा रिव्ह्यू आल्यापासून फोन कमी झालेत. मुळ्याचं नवीन पाकीट मी माझ्या खर्चाने पाठवते, पत्ता आमच्याकडे आहेच. चौथ्या दिवशी पांढरं दिसलं की आधी फवारा मारा आणि मला फोटो पाठवा. एक तारा ठेवायचा तर ठेवा, तो तुमचा अधिकार आहे. पण ‘बुरशी लागलेलं बी’ आणि ‘मुलांच्या जिवाशी खेळ’ एवढे शब्द तेवढे काढा, ही हात जोडून विनंती.