"बरं झालं, धडा मिळाला" म्हणणाऱ्यांसाठी

आज सकाळी जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. आमच्या गॅलरीत उभी करून ठेवलेली जळकी गादी त्यांना दिसली होतीच, आणि त्या रात्री वासाने अख्खा मजला जागा झाला होता. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून काय झालं ते सांगून टाकलं: भाच्याने उशीखाली चार्जिंगला लावलेली ई-सिगारेट रात्री पेटली. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता मिळेल धडा पोराला." आणि दुधाची पिशवी सांभाळत वर गेल्या.

बरं झालं?

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं नेहमी बारा तासांनी सुचतात. आता रात्रीचे अकरा वाजलेत, भांडी आवरून झालीत, आणि ते "बरं झालं" अजून डोक्यात वाजतंय. म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

चिनू माझ्या ताईचा मुलगा. (हे त्याचं खरं नाव नाही. पोस्ट टाकायच्या आधी त्याला वाचून दाखवलीय. त्याने दोन खाडाखोडी सुचवल्या, एक मी मानली.) ताई कराडला, तो इथे पुण्यात माझ्याकडे राहून मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला. मंगळवारी पहाटे पावणेतीनला मला जाग आली ती वासाने. प्लास्टिक जळल्याचा वास, आणि त्यात मिसळलेला आंब्याच्या गोळीसारखा गोड वास. हे मिश्रण मी आयुष्यात विसरणार नाही. दार ढकललं तर उशीखालून धूर येतोय आणि पोरगं पलंगाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला चिकटून, उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मुठीत दाबून बसलंय. आधी मेन स्विच पाडला, मग उशी उचलून फेकली, मग बादली ओतली. हा क्रम लॅबमधल्या तेवीस वर्षांनी अंगात मुरलाय, नाहीतर मीही आधी पाणीच ओतलं असतं चालू वायरीवर.

गादीला आमटीच्या वाटीएवढं भोक. खोल. कापूस बाहेरून विझतो आणि आतून धुमसत राहतो, हे आजीच्या चुलीपाशी ऐकलेलं; सकाळी सहाला गॅलरीत गेले तर त्या भोकातून परत बारीक धूर. पुन्हा दोन बादल्या.

ती ई-सिगारेट म्हणजे व्हेप, बॅटरीवर रस तापवून त्याची वाफ ओढायची नळी. पोरं नुसतं 'पेन' म्हणतात. त्यातही वापरा आणि फेका प्रकारातलं, ज्याला चार्जिंगची पिनच नसते. आता तुम्ही विचाराल की पिन नाही तर चार्जिंगला लावलं कसं. तेच तर! रस उरतो आणि बॅटरी संपते. बाराशे रुपयांची वस्तू, निम्मी भरलेली, टाकवत नाही. मग कुठलासा व्हिडिओ पाहून साहेबांनी जुनी यूएसबी केबल कापली आणि आतल्या सेलला सरळ तारा जोडल्या. मेकॅनिकलचा विद्यार्थी! आणि मावशी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये दर वर्षी पोरांना हेच शिकवते. देवाला विनोद बरा जमतो.

जे मी त्याला पहाटे चारला स्वयंपाकघरात बोटांवर नळाचं पाणी सोडत सांगितलं, ते इथेही सांगते. लिथियमच्या सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. भरत आला की तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. तिथे थांबायचं. त्यापुढे एक पाऊल नाही. यूएसबीतून येतात ५ व्होल्ट. फरक किती, तर ०.८. कुणीही म्हणेल, एवढ्याने काय होतंय? दुधालाही शेवटी उतू जायला एवढंसंच लागतं. म्हणून प्रत्येक मोबाइलमध्ये, प्रत्येक इअरफोनच्या डबीत एक तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिचं काम गॅसपाशी उभ्या असलेल्या बाईचं. आधी मोठ्या आचेवर, दूध वर यायला लागलं की मंद, आणि मग बंद. चिनूने ती बाईच काढून टाकली. दूध मोठ्या आचेवर ठेवलं आणि झोपायला गेला.

"पण मावशी, आधी दोनदा झालं होतं व्यवस्थित." हे त्याचं म्हणणं.

झालं होतं, कारण तेव्हा त्याने लॅपटॉपच्या पोर्टला लावलं होतं. जुन्या पद्धतीचं साधं यूएसबी पोर्ट अर्ध्या अँपिअरच्या हिशोबाने बनवलेलं असतं, नवीन निळं असलं तर ०.९. जास्त ओढलं तर बहुतेक लॅपटॉप स्वतःच पोर्ट बंद करतात. शिवाय लॅपटॉप टेबलावर, हा समोर बसलेला, दहा मिनिटांत काढलं. मंगळवारी लॅपटॉप सबमिशनला लागत होता, म्हणून केबल भिंतीतल्या दोन अँपिअरच्या अडॅप्टरला गेली. त्या सेलवर साडेपाचशे मिलिअँपिअर-तास छापलंय, म्हणजे अर्धा अँपिअर जेमतेम तासभर पुरवेल एवढंच त्याचं पोट. त्या करंगळीएवढ्या जिवाला दोन अँपिअर, थांबवणारं कुणी नाही, आणि वर कापसाची उशी. उशी म्हणजे उष्णता कोंडून ठेवायला बनवलेली वस्तूच आहे हो. थंडीत आपण तिच्यात तोंड खुपसतो ते कशासाठी?

आता खरा प्रश्न, जो काकूंना पडला नाही, माझ्या नवऱ्याला पडला नाही, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मलाही पडला नाही. उशीखाली का?

नवरा त्या रात्रीपासून एकच शब्द धरून बसलाय. संस्कार. पहाटे चारला ताईला फोन लावायला निघाला होता, मी हातातून फोन काढून घेतला. कराडला बसलेल्या बाईने पहाटे चारला काय करायचं, रडायचं? रोज बॅग तपासू, खोलीचं दार उघडं ठेवायचं, खिसे बघू. अरे तू काय तुरुंगाधिकारी आहेस का? हा माणूस स्वतः रोज रात्री मोबाइल चार्जिंगला लावून उशाशी घेऊन झोपतो, चादरीत गुंडाळून! मी बोलले तर म्हणे माझा ब्रँडेड आहे. कापूस ब्रँड बघून पेटतो वाटतं.

(हे वाक्य तो वाचणार. वाचू दे.)

तर उशीखाली का. महिन्यापूर्वी चिनूच्या शर्टाला मला असाच गोड वास आला होता. मला कळलं होतं. मी आंधळी नाही. मी काय केलं? दारात उभी राहून बोट दाखवून म्हणाले, "हे असलं काही घरात दिसलं तर याद राख." झालं माझं कर्तव्य. ऊर भरून आला होता माझा, की बघा, मी कडक आहे.

दिसलं तर.

पोरगं आज्ञाधारक निघालं. दिसू दिलं नाही. टेबलावर ठेवलं असतं तर मी पाणी प्यायला उठल्यावर दिसलं असतं. लॅपटॉपशेजारी ठेवलं असतं तर काकांना दिसलं असतं. म्हणून उशीखाली. गादीचं ते भोक बघते तेव्हा मला त्यात माझंच वाक्य दिसतं. बरं झालं म्हणे.

कायदा चांगला आहे, मान्य. २०१९ पासून देशात ही वस्तू बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, पहिल्याच गुन्ह्याला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही (साठवण्याला याच्या निम्मं). टीव्हीवर याच्या चकचकीत जाहिराती नाहीत ते त्यामुळेच, आणि बंदी उठवा असं मी मुळीच म्हणत नाहीये, कमेंटमध्ये तसं आणू नका. पण बंदी घातली म्हणून लिथियम निर्लिथियम होत नाही ना. बाजारात मिळणाऱ्या चार्जरवर, पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचा (बीआयएस) शिक्का आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाकून बघता येतो. चोरून आणलेल्या पेनवर काय बघणार? बिल नाही, माहितीपत्रक नाही, फुटलं तर जाऊन भांडायला दुकानदार नाही. पानटपरीवाला म्हणेल, कोण तुम्ही? मुलांना हे कळतं, म्हणून तीही कुणाला विचारत नाहीत. विचारायला जागाच ठेवलेली नाही आपण.

परवा लॅबमध्ये ही गोष्ट नाव न घेता सांगितली तर मागच्या बाकावरचे तिघे एकदम गप्प झाले. तासानंतर त्यातला एक थांबला. "मॅडम, पिनवालं असेल तर चालतं ना?" माझ्या 'मित्राचं' आहे म्हणाला. मित्रच असतो नेहमी. मी त्याला ओरडले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर बस म्हटलं.

त्याला सांगितलं ते असं. पिनवालं असेल तर आत ती चिप असायला हवी, असेलच याची खात्री मी देऊ शकत नाही. भिंतीतला चार्जर मोठा आहे म्हणून घाबरू नकोस. ६५ वॉटचा टाइप-सी लॅपटॉप चार्जरसुद्धा समोरून कुणी मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, आणि अँपिअर हे वस्तू ओढते, चार्जर कोंबत नाही. फक्त आत ओढणारा शहाणा पाहिजे. गंमत अशी की स्वस्त पेनांमध्ये टाइप-सीची पिन असते पण चार्जरला 'मी आलोय' सांगणारे दोन फुटकळ रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे बारीक सुटे भाग) वाचवलेले असतात. मग दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या सी-टू-सी केबलवर ते चार्जच होत नाही. मुलांना वाटतं चार्जर खराब, आणि ती घरातल्या ड्रॉवरमधून सापडेल तो जुना अडॅप्टर काढतात, सिग्नलवर नव्व्याण्णवला घेतलेला. म्हणजे ज्या पेनात पाच पैशाचे रेझिस्टर वाचवलेत, त्याला आपण घरातला सगळ्यात वाईट चार्जर शोधून जोडतो. ती जुनी लांब नळीसारखी पेनं, ज्यांना चार्जर स्क्रूसारखा फिरवून बसवतात, त्यांच्यात तर ४.२ला थांबण्याची अक्कल कित्येकदा त्या छोट्या चार्जरमध्येच असते. तो हरवला आणि मित्राचा दुसरा लावला की संपलं.

आणि काहीही असो, जागेपणी, फरशीवर किंवा ओट्यावर, डोळ्यांसमोर. गरम लागलं, फुगलं, पडलं होतं, भिजलं होतं, तर लावायचंच नाही. एवढंच.

तो गेला. मी बसून राहिले. मी एका मुलाला व्हेप चार्ज कसं करायचं हे शिकवलं का? कदाचित. वाईट वाटलं का? वाटलं. पण मंगळवारची बोटं आठवली आणि कमी वाटलं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या अशा १९५ घटना मोजल्या होत्या, त्यातल्या ४८ चार्जिंगला लावलेलं असताना आणि ६१ नुसत्या खिशात. खिशात! बोटांवर निभावलं म्हणून आपण धडा वगैरे शब्द वापरतोय.

चिनूची बोटं बरी आहेत. फोड आलेत, डॉक्टरांनी मलम दिलंय. आणि काकूंचं एक म्हणणं खरं ठरतंय, नाइलाजाने लिहिते, त्या दिवसापासून त्याने हात लावलेला नाही. पण तो धडा आगीचा नाही असं मला वाटतं. काल रात्री त्याने स्वतःहून ड्रॉवरमधून दुसरं पेन काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवलं. "मावशी, हे पण आहे. याचं काय करू?" एकोणीस वर्षांचा घोडा, पण आवाज पाचवीतला. मी म्हटलं ठेव. त्याने विचारलं, "ओरडणार नाहीस?" मी म्हटलं, "उद्या ओरडेन, आज दमलेय." मग आम्ही दोघांनी चहा केला. ताईला त्याने आज दुपारी स्वतः फोन केला. ती रडली. पण दुपारी रडली, पहाटे चारला नाही.

ते दुसरं पेन आत्ता गॅलरीत वाळूने भरलेल्या कुंडीत आहे, शनिवारी ई-कचरावाल्याकडे जाईल. आणि मंगळवारचा तो अडॅप्टर मी आज उघडून बघितला. आत फ्यूज नाही. भिंतीतले २३० व्होल्ट आणि केबलकडे जाणारे ५ व्होल्ट, दोघांच्या तांब्याच्या रेघांमध्ये दोन मिलिमीटरसुद्धा अंतर नाही. नवऱ्याला दाखवला. पाच मिनिटं भिंग लावून बघत बसला, काही बोलला नाही. रात्री त्याचा मोबाइल मला हॉलमधल्या टीपॉयवर चार्जिंगला दिसला. मीही काही बोलले नाही.

आता कामाचं. गादी माझ्या लग्नात आईने भरून दिलेली आहे, शेवरीचा नाही, चांगला कापूस. फेकायची नाहीये. जळका भाग काढून, पिंजून नवीन खोळ घालून देणारं सिंहगड रोड किंवा जवळपास कुणी उरलं असेल तर नंबर इनबॉक्स करा. फोमची घे असं कृपया कुणी सांगू नका.