मिठीचा ताळेबंद कसा मांडावा

मिठी नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांवर नियम कडक करावेत का, यावर अहवाल लिहायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन. (२६ जुलै २००५ च्या महापुरापर्यंत निम्म्या मुंबईला ती नदी आहे हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे वाचकांची फार धास्ती घेऊ नका.)

खर्चाची बाजू आधी घ्या, ती आपल्या पायांनी चालत येते. कारखानदार फाइल घेऊनच येईल: ईटीपीच्या (म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाक्या, ब्लोअर, विजेचं बिल, गाळ उचलायचे पैसे. आकडे फुगलेले वाटले तरी कात्री लावू नका. छापील आहेत, म्हणजे खरेच.

फायद्याचं बिल घेऊन मात्र कुणी येत नाही. माहीमची एखादी कोळीण सांगेल, खाडीत पूर्वी निवट्या, शिंपल्या, चिंबोऱ्या किती मिळायच्या. आदराने ऐका, चहा घ्या आणि सगळं परिशिष्टात टाका. परिशिष्ट आजवर कुणी उघडलेलं नाही.

तरीही फायदा रुपयांतच दाखवा असा कुणी हट्ट धरला, तर शास्त्रशुद्ध तोड आहे. लोकांनाच विचारा, ‘स्वच्छ पाण्यासाठी महिना किती मोजाल?’ विचारायचं ते कुर्ल्याच्या नाल्याकाठच्या झोपडीत. खिसा रिकामा असलेला माणूस किती मोजणार? झालं, कुर्लेकरांना स्वच्छ नदीची फारशी गरज नाही हे सिद्ध. फक्त ‘ही घाण सोसायचे किती घ्याल?’ असं उलटं विचारू नका. त्याचं उत्तर भलतंच मोठं येतं आणि तक्त्यात मावत नाही.

उरलासुरला फायदा व्याजदराने मारा. तीस वर्षांनी मिळणारे १०० रुपये वर्षाला १० टक्क्यांनी आजच्या भावात आणले की पावणेसहाच्या आसपास उरतात. कोळिणीच्या नातवाचा वाटा एवढाच. नातू अजून जन्मला नसेल तर उत्तमच, हरकत घ्यायला येणार नाही.

जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे, आणि प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उचलून धरलंय. दोन्हींना प्रस्तावनेत मानाचं पान द्या, आकडेमोडीत नको.

राहता राहिली स्थळपाहणी. ती भरतीच्या वेळी ठेवा. समुद्राचं पाणी आत शिरलेलं असतं, फोटो चांगले येतात.