पत्ता सांगताना घ्यावयाची काळजी

चाळ पाडून तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत आपल्याला नवे घर मिळाले, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. किल्ली हाती आली, वास्तुशांत झाली, गावाहून आलेले पाहुणे लिफ्टमधून चारदा वर-खाली करून कोकणात परतले; आता एकच काम उरले आहे आणि ते सर्वांत नाजूक आहे. ते म्हणजे पत्ता सांगणे. आजवर कोणी विचारले की आपण बेधडक ‘लोअर परळ, डिलाईल रोड’ असे सांगत आलात. त्यात तेव्हा काही चूक नव्हती, कारण ऐकणाराही बहुधा लालबागचा किंवा करी रोडचा असे. यापुढे मात्र ‘अप्पर वरळी’ असे म्हणण्याची सवय लावून घ्यावी. हे गाव रेल्वेच्या इंडिकेटरवर किंवा पोस्टाच्या शिक्क्यावर शोधत बसू नये. ते घरांच्या जाहिरातींत आणि दलालांच्या जिभेवर वसलेले आहे, आणि तेथील दर चौरस फुटाचा भाव ऐकल्यावर ते अस्तित्वात नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. मुसळधार पावसात अप्पर वरळीतही लोअर परळइतकेच पाणी तुंबते, हे खरे आहे; परंतु नावातला चढ पाहता ते आपोआप खाली वाहून जाईल, अशी आशा तरी बाळगता येते.

रस्त्यांच्या नावांबाबत थोडे अधिक सांभाळावे लागेल. डिलाईल रोडचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग. हे नारायण मल्हार जोशी म्हणजे 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे, 1920 साली आयटक या देशव्यापी कामगार महासंघाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आणि भारतातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ. तेव्हा त्यांचे पूर्ण नाव उच्चारण्याऐवजी ‘एन. एम. जोशी’ अशी इंग्रजी आद्याक्षरे वापरावीत. मग ते एखाद्या बँकेचे निवृत्त संचालक वाटतात आणि संकुलाच्या फाटकावर बारा तासांची पाळी करणाऱ्या वॉचमनला त्यांच्याविषयी विनाकारण कुतूहल वाटत नाही. पलीकडच्या तुळशी पाइप रोडला सेनापती बापटांचे नाव आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी सत्याग्रह केला होता. ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गिरण्यांच्या जमिनी इतक्या सुरळीतपणे एका हातातून दुसऱ्या हातात गेल्या, त्या रस्त्याला नेमके त्यांचेच नाव द्यावे, हा महानगरपालिकेचा विनोद आहे की योगायोग, या चर्चेत आपण पडू नये.

गिरणीची आठवण जपायला हरकत नाही. किंबहुना ती हल्ली प्रतिष्ठेची बाब आहे, फक्त ती योग्य आकारात जपावी लागते. फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला आणि तिची चिमणी राहू दिली गेली, हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवावा. धूर न ओकणारी, भोंगा न वाजवणारी आणि पगारवाढ न मागणारी चिमणी फार देखणी दिसते. तिच्यासमोर छायाचित्र जरूर काढावे. मात्र त्याच फाटकातून आजोबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जात असत आणि गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचे काम मिळाले नाही की डबा तसाच घेऊन परत येत, हा तपशील छायाचित्राखाली लिहू नये.

वडिलांविषयीचा प्रश्न अधिक अवघड. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही, हे लक्षात घेता ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला ‘संपावर आहेत’ हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या आजही खरे ठरेल. पण ते देऊ नये. ‘वडील टेक्स्टाइलमध्ये होते’ एवढेच सांगून गप्प बसावे. गिरणी नक्की किती साच्यांची होती, हे समोरचा अदबीने विचारू लागतो.

या सगळ्या जमिनीचे झाले तरी काय, असा प्रश्न चुकूनमाकून आपल्या मुलाने विचारल्यास त्याला गणिताचे एक सुंदर उदाहरण म्हणून समजावून द्यावे. गिरण्यांची जमीन सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने ठरवले की, पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळावी. 2001 साली नियमात दुरुस्ती होऊन वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करावी असे ठरले, आणि मोकळी म्हणजे शेड पाडल्यावर मोकळी झालेली नव्हे, तर जिच्यावर आधीपासूनच काही नव्हते ती. गिरणीवाल्यांनी त्या काळी जमिनीवर गिरणीच बांधून ठेवलेली असल्यामुळे वाटायला फारसे काही उरले नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मुलगा हुशार असेल तर ‘मग आमचे मैदान कुठे आहे?’ असे विचारील. त्याला पोडियमवरचे कृत्रिम हिरवळीचे बॅडमिंटन कोर्ट दाखवावे आणि तेही ‘सेल’च्या, म्हणजे बाजारभावाने विकलेल्या घरांच्या, इमारतीतील रहिवाशांसाठी राखीव आहे, हे तो जरा मोठा झाल्यावर सांगावे.

कारण संकुलात इमारती दोन आहेत, हे एव्हाना आपल्या ध्यानात आले असेलच. ‘सेल’ची इमारत मुख्य रस्त्याकडे तोंड करून, कारंज्यासह उभी असते, आपली ‘रिहॅब’ची, म्हणजे जुन्या चाळकऱ्यांची, मागच्या गल्लीत, कचऱ्याची गाडी जेथे वळते तेथे. पाहुण्यांना पुढच्या फाटकाने बोलावू नये. वॉचमन त्यांना अडवतो, आणि तो बऱ्याचदा आपल्याच जुन्या चाळीत भाड्याने राहिलेला निघतो, हे अडवण्यापेक्षाही अवघड जाते. दार बंद ठेवण्याचा सराव करावा. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे आणि गॅलरीत उरलेले जग, अशी सवय असलेल्यांना प्रथम गुदमरल्यासारखे होते. शेजारच्या घरात आजारी कोण आहे, हे दोन-दोन दिवस कळत नाही. यालाच खासगीपणा म्हणतात. एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोलीत एका पाळीचे चाकरमानी उठले की दुसऱ्या पाळीचे त्याच वळकटीवर अंग टाकत, असल्या गोष्टी नव्या शेजाऱ्यांना सांगू नयेत. ते त्याला ‘को-लिव्हिंग’ म्हणतील आणि भाडे विचारतील.

मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत मिरची कांडायला पडते, तेव्हा ठसका लागल्यास खोकावे, पण आनंदाने डोळे मिटू नयेत. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र आपल्याला सूट आहे. कार्यालयातील वरिष्ठांना त्या काळात अचानक आठवते की आपण ‘तिकडचेच’ आहात, आणि रांगेशिवाय दर्शन घडवण्याची आडवळणाची विनंती येते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अप्पर वरळीत रुजू व्हावे.

स्थानकांच्या नावांचेही तसेच. एल्फिन्स्टन रोडचे जुलै 2018 मध्ये प्रभादेवी झाले, आणि एका गोऱ्या गव्हर्नराचे नाव पुसले गेले म्हणून आपण सर्वांनी आनंद मानला. त्याआधी दहाच महिन्यांपूर्वी, 29 सप्टेंबर 2017 रोजी, त्याच स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगरून 23 माणसे मेली होती. गिरण्यांच्या जागी कार्यालये आली, लाखभर चपला रोज त्या अरुंद जिन्यावरून चढू-उतरू लागल्या, आणि जिना मात्र तेवढाच राहिला. येथे कोणता सल्ला द्यावा, हे प्रस्तुत लेखकाला सुचत नाही.

एवढी सगळी तयारी करूनही एखाद्या रात्री, पाऊस कोसळत असताना, आपण दादरहून टॅक्सीत बसाल. संकुलाचे इटालियन धाटणीचे नाव आपण तीन वेळा सांगाल, अप्पर वरळी म्हणाल, एन. एम. जोशी म्हणाल, पांढऱ्या केसांचा चालक आरशातून आपल्याकडे नुसता बघत राहील. काचा वर आहेत ना, सोसायटीचे कोणी आजूबाजूला नाही ना, याची खात्री करून घ्यावी, थोडे पुढे झुकावे आणि हळूच बंद पडलेल्या गिरणीचे नाव घेऊन ‘तिच्या मागच्या गेटपाशी’ असे सांगावे. तो मीटर टाकेल.