शेकडो, हजारो आणि लाख

केकवर स्प्रिंकल्स, म्हणजे ते साखरेचे रंगीत दाणे, टाकायला अक्कल लागत नाही असं ज्याला वाटतं, त्याला एकदा घरी बोलावून मी त्याच्या हातात केरसुणी देणार आहे.

मुलीच्या सातव्या वाढदिवसाचा केक बायकोने केला, क्रीमही तिनेच थापलं. माझ्या वाट्याला सजावट आली. "नुसतं भुरभुरवायचंय. एवढं तरी जमेल ना?" त्या 'एवढं तरी'च्या मागे बारा वर्षांच्या संसाराचा अनुभव उभा होता.

बाटली उपडी केली. काही पडेना. हलवली तेव्हा तीन दाणे पडले. तिन्ही लाल आणि तिन्ही एकाच कोपऱ्यात. मग जरा जोर लावला. आधी झाकण पडलं आणि त्याच्या पाठोपाठ सगळी बाटली.

स्प्रिंकल्समध्ये दोन जाती असतात, हे मला जमिनीवर गुडघे टेकल्यावर कळलं. साखर, स्टार्च आणि थोडी चरबी मळून बारीक भोकांतून काढलेल्या, मग सुकवून मोडलेल्या कांड्या ही एक जात. ही गरीब असते, पडेल तिथे पडून राहते. दुसरी जात गोल मण्यांची. साखरेचा कण फिरत्या भांड्यात घोळवत त्यावर पाकाचे थरावर थर चढवले की हा मणी तयार होतो. जन्मच गडगडण्यात गेलेला, तो आमच्या फरशीवर काय थांबणार? इंग्रज त्याला 'हंड्रेड्स अँड थाउजंड्स' म्हणतात, म्हणजे शेकडो-हजारो. नाव ठेवणाऱ्याने ते बहुधा फ्रीजखालून वेचले असावेत. फ्रेंच नाव 'नॉनपरेल', म्हणजे ज्याला तोड नाही. त्या माणसाकडे झाडायला कोणीतरी असणार.

आता केकच्या बाजू. दाणा वरून खाली पडतो आणि केकची बाजू उभी असते. या दोन गोष्टींचा मेळ घालायला दाणे तळहातावर घेऊन हलकेच दाबायचे असतात. मी दाबले. अर्धे हाताला चिकटले, रंग तळव्यावर उतरला आणि क्रीमवर माझे बोटांचे ठसे उमटले. त्या केकवर कुठे गुन्हा घडला असता, तर पोलिसांना दुसरा पुरावा लागला नसता.

दमून बाटलीवरचं लेबल वाचत बसलो. चकाकीसाठी शेलॅक वापरलं होतं. शेलॅक म्हणजे लाख, एका इवल्याशा किड्याने झाडावर सोडलेली राळ. लाकडाच्या पॉलिशमध्येही ती असते. शेकडो-हजारो जमिनीवर होतेच, त्यात आता लाखही निघाली. (हे बायकोला सांगितलं नाही. ती डायनिंग टेबल चाटायला लावेल.)

रात्री केक फ्रीजमध्ये ठेवून मी शांत झोपलो. सकाळी दार उघडलं तर केकला गोवर निघालेला. फेटलेल्या क्रीममध्ये पाणी असतं, हे रंग पाण्यात विरघळणारे, आणि त्यांना रात्रभर दुसरं काही काम नव्हतं. प्रत्येक मण्याभोवती वर्तुळ उमटलं होतं. लाल आणि निळा जिथे भेटले, तिथे तर मुका मार लागल्यासारखं जांभळं झालं होतं.

"बाबा, केक पडला का कुठे?" मुलीने विचारलं.

"अहो, स्प्रिंकल्स अगदी कापायच्या आधी टाकायचे असतात," बायको म्हणाली. "बटरक्रीम असतं तर थोडा वेळ तरी निभावलं असतं." हे तिला आदल्या रात्रीही माहीत होतं, हे नमूद करून ठेवतो.

संध्याकाळी त्या खसखशीएवढ्या दाण्यांनी पाहुण्यांत भरपूर खसखस पिकवली. केक मात्र सगळ्यांनी मिटक्या मारत संपवला आणि घरी जाताना प्रत्येकाची जीभ वेगवेगळ्या रंगाची होती.

परवा, तीन महिन्यांनी, चष्म्याच्या डबीत एक निळा मणी सापडला. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तोंडात टाकला. चव पहिल्या दिवशी होती तशीच होती. म्हणजे नव्हतीच.